ग्रामसभेतील आपली जागा

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात गेले तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बहुधा एक काळा फळा दिसतो. त्यावर खडूने लिहिलेल्या चार-पाच ओळी म्हणजे त्या गावाचे वर्तमानपत्रच होय. पाणीपट्टी भरण्याची मुदत, बालकांच्या लसीकरणाचा दिवस, रास्त भाव दुकानात धान्य आल्याची वर्दी आणि वर्षातून काही वेळा ग्रामसभेची सूचना. त्याच गावात जिनमंदिर किंवा स्थानक असेल तर तेथेही एक फळा असतो. त्यावर प्रतिक्रमणाची वेळ, आयंबिल ओळीचा प्रारंभ, साध्वीजींच्या आगमनाची तिथी आणि पारण्याचा लाभ घेणाऱ्या कुटुंबाचे नाव लिहिलेले असते. हा दुसरा फळा आपण रोज वाचतो. पहिल्या फळ्यापाशी आपल्यापैकी किती जण थांबतात?

दान हा आपला कुलाचार आहे. उन्हाळ्यातील पाणपोई, शाळेसाठी बांधून दिलेली खोली, नेत्रतपासणी शिबिर, गोशाळेतील चारा, टंचाईच्या वर्षी जनावरांसाठी सोय, यांपैकी कोणत्याच कामात खेड्यातील जैन घर मागे राहिलेले नाही. परंतु त्याच गावाचे पाणी, रस्ते आणि शाळा यांविषयीचा निर्णय ज्या सभेत होतो, त्या सभेत ते घर बहुधा उपस्थित नसते. आपण गावाचे दाते आहोत, हे गाव मान्य करते. आपण गावाचे नागरिकही आहोत, हे मात्र आपणच अजून पुरते मान्य केलेले नाही.

अल्पसंख्येचे दायित्व

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात जैनांची संख्या चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे सव्वा टक्का होती. देशभरातील जैनांपैकी जवळजवळ चार-पंचमांश शहरांत राहतात. म्हणजे खेड्यात टिकून असलेले जैन कुटुंब हे अल्पसंख्याकांतीलही अल्पसंख्य होय. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आणि सुमारे बाराशे ग्रामपंचायती आहेत. कापसाच्या व्यापाराबरोबर राजस्थान-गुजरातेकडून येऊन येथे स्थिरावलेली घराणी आणि वऱ्हाडच्या मातीत पिढ्यानपिढ्या रुजलेली, मराठीच बोलणारी सैतवाळ, बघेरवाल कुटुंबे या जिल्ह्याच्या बाजारगावांत व त्यांच्या आसपासच्या खेड्यांत विखुरलेली आहेत. कित्येक गावांत आता एक किंवा दोनच घरे उरली आहेत. मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास गेली, तिकडेच स्थायिक झाली आणि मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांवर दुकान, शेती आणि मंदिराची पूजा असा तिहेरी भार आला.

अशा घराने गावापासून अलिप्त राहणे परवडणारे नाही. शहरात आपल्या वस्तीत आपली संस्था असते, पाठशाळा असते, आजारपणात धावून येणारे साधर्मिक असतात. खेड्यात मात्र रात्री-अपरात्री दार ठोठावायचे ते शेजारच्या शेतकऱ्याचेच. सर्व जीव परस्परांच्या आधाराने जगतात हे आपल्या दर्शनातील तत्त्व तेथे रोजच्या जगण्याचा अनुभव असते.

सार्वजनिक जीवनाची परंपरा आपल्याला नाही, असेही नाही. याच जिल्ह्यातील बाभूळगावात जन्मलेले जवाहरलाल दर्डा यांनी स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला, पुढे ‘लोकमत’ वाढविला आणि राज्याच्या मंत्रिमंडळात स्थान मिळविले. पण एका व्यक्तीचे कर्तृत्व ही समाजाची सवय होत नाही. सवय लागते ती लहान गावातल्या लहान सभेत.

गहुलीचा वारसा

पंचायतराज ही यवतमाळकरांसाठी दूरची गोष्ट नाही. राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, १९६० साली, लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुली गावचे. त्या समितीच्या अहवालाच्या आधाराने १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. ग्रामपंचायतींसाठीचा कायदा त्याआधीच, १९५८ साली झाला होता. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून या व्यवस्थेला संविधानाचे अधिष्ठान लाभले. २०११ पासून महाराष्ट्रातील पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

या साऱ्या रचनेच्या पायाशी ग्रामसभा आहे. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सात ते सतरा सदस्य आणि सरपंच. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक स्त्री-पुरुष. तिचे सभासदत्व मागावे लागत नाही, त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही आणि ते कोणी काढूनही घेऊ शकत नाही. जिल्ह्याच्या केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या भागांतील अनुसूचित क्षेत्रात येणाऱ्या गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचे अधिक व्यापक अधिकार दिलेले आहेत. आदिवासी बांधवांशी होणाऱ्या सावकारी व्यवहारांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही त्यांत येतो. त्या परिसरात व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा कायदा मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे.

सभेत काय घडते?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रूढ दिवस. सूचना सात दिवस आधी फळ्यावर लागते आणि गावात दवंडी दिली जाते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. सभेत मागील इतिवृत्त वाचले जाते, जमा-खर्च मांडला जातो, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ठरते आणि गावाच्या वार्षिक विकास आराखड्याला मान्यता दिली जाते.

हा आराखडा म्हणजे कोरडा कागद नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता या कामांसाठी बांधील ठेवला गेला आणि उरलेला भाग गावाने आपल्या गरजेनुसार योजावयाचा होता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांग व्यक्तींसाठी खर्च करावी लागते. ती खरोखर खर्च झाली की नाही, हे विचारण्याचे हक्काचे ठिकाण ग्रामसभाच होय.

आता गणपूर्तीचा नियम पाहा. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती आवश्यक असते. ती न झाल्यास सभा तहकूब होते. मात्र तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. म्हणजे शंभर माणसे आली नाहीत म्हणून गावाचे निर्णय थांबत नाहीत. ते वीस माणसांच्या हाती जातात, एवढेच. त्या दिवशी दुकानात बसून राहणारा ग्रामस्थ आपण तटस्थ आहोत असे समजतो. वस्तुतः तो त्या वीस जणांना आपल्या वतीने कौल देऊन मोकळा झालेला असतो.

दाता आणि नागरिक

दात्याचे स्थान उंचावर असते. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, त्याचे नाव संगमरवरात कोरले जाते आणि त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. ग्रामसभेत सतरंजीवर सगळे सारखेच बसतात. तेथे शेतमजूर बाईही विचारू शकते की, मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचे ओटे नालीवर कसे आले, घरपट्टीची थकबाकी कोणाकोणाची आहे, दुकानांतला प्लास्टिकचा कचरा नाल्यात का जातो. ग्रामसभेपासून आपण दूर राहतो त्याचे एक कारण हेही आहे, असे मला वाटते. देण्याची आपल्याला सवय आहे, उत्तर देण्याची तेवढी नाही.

अनेकांतवादावरील प्रवचन ऐकताना आपण भक्तिभावाने मान डोलावतो. आपल्या ओट्याला अतिक्रमण म्हणणाऱ्या माणसाचे बोलणे पूर्ण ऐकून घेणे, त्यात तथ्य असेल तर चारचौघांत मान्य करणे आणि तरीही आपली अडचण शांतपणे मांडणे, ही त्याच तत्त्वाची परीक्षा आहे. ती उपाश्रयात क्वचितच होते, कारण तेथे बहुतेक सगळे एकाच मताचे असतात.

दुसरीही एक बाजू आहे. चातुर्मास संपला की पूज्य साधु-साध्वीजींचा विहार सुरू होतो. यवतमाळहून दारव्हा, दिग्रसमार्गे पुसदकडे जाणाऱ्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाच्या गावी जैन घर असतेच असे नाही. अशा वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा एखाद्या शेतकऱ्याची ओसरी उघडली जाते. दिवसाउजेडी खोली झाडून देणारा, उकळलेल्या पाण्याची व्यवस्था काय असते हे आस्थेने विचारणारा आणि पहाटे गावाच्या वेशीपर्यंत सोबत येणारा माणूस बहुधा आपल्या समाजाचा नसतो. त्या खोलीचे छप्पर गळू नये, त्या रस्त्यावर दिवा असावा, हे ज्या सभेत ठरते तिच्याकडे आपण पाठ फिरवावी, हे कृतज्ञतेला धरून होत नाही.

पाणी आणि व्यसनमुक्ती

दान आणि नागरिकत्व एकत्र आले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच समाजाने दिले आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात झाली आणि तीत विदर्भातील गावांनीही भाग घेतला. गावकऱ्यांनी श्रमदानाने चर खोदावेत, बांध घालावेत आणि जेथे हातांचे बळ अपुरे पडेल तेथे यंत्र यावे, अशी ती रचना होती. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने या कामासाठी खोदाई यंत्रे पुरविली. यंत्राचा खर्च हा दानाचा भाग झाला. पण कोणत्या नाल्यावर काम करायचे, कोणाच्या शेतातून पाणी वळवायचे आणि श्रमदानाला कोणी यायचे, हे ज्याचे त्या गावानेच बसून ठरवावे लागे. जेथे गाव एकत्र बसले तेथे दानाचे सार्थक झाले. गाव बसलेच नसते तर यंत्राने नुसती माती उपसली असती.

व्यसनमुक्तीचेही तसेच आहे. दारूच्या दुष्परिणामांवर आपल्याकडे व्याख्याने होतात, प्रतिज्ञा दिल्या जातात. शेतकरी आत्महत्यांच्या वेदनेने पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीची मागणी प्रामुख्याने गोरगरीब स्त्रियांनी लावून धरली. परवानाप्राप्त दुकान बंद करण्याची रीत कायद्याने ठरवून दिलेली आहे. प्रथम किमान पंचवीस टक्के महिला मतदारांची लेखी मागणी, मग गुप्त मतदान आणि त्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा कौल ‘आडव्या बाटली’ला मिळाला पाहिजे. ‘एकूण’ या शब्दाकडे श्राविकांनी लक्ष द्यावे. मतदानाला न गेलेल्या प्रत्येक स्त्रीची अनुपस्थिती दुकान चालू ठेवण्याच्याच पारड्यात पडते. आठ दिवसांची तपश्चर्या करणाऱ्या भगिनीला मतदानाच्या रांगेत एक तास उभे राहणे जड नाही.

व्यापारी म्हणूनही आपल्याजवळ गावाला देण्यासारखे ज्ञान असते. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या गावात आपले कृषी केंद्र आहे, तेथे हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत उभे राहून औषधाचे प्रमाण, हातमोजे, तोंडावरचे फडके, वाऱ्याची दिशा आणि विषबाधेची पहिली लक्षणे समजावून सांगणे, हे अहिंसेचे काम नव्हे काय? सूक्ष्म जीवांची जपणूक शिकविणाऱ्या धर्माच्या अनुयायांना फवारणी करणाऱ्या माणसाच्या श्वासाचा विसर पडता कामा नये.

संकोच आणि त्याचे निरसन

आपल्या संकोचाची कारणे खोटी नाहीत. आम्ही मोजके, आमचे कोण ऐकणार, असे वाटते. गावातील दोन्ही गट आमचे ग्राहक, एकाची बाजू घेतली तर दुसरा उधारी बुडवील, ही भीतीही असते. सभेत आवाज चढतो, कधी शिव्यागाळीही होते, ती आपल्या संस्कारांत बसत नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की, मोजक्यांनाच सभेची गरज अधिक असते. बहुसंख्याकांचे म्हणणे सभेविनाही पोहोचते. दुसऱ्या शंकेविषयी सांगायचे तर ग्रामसभा ही निवडणूक नव्हे. तेथे गटाची बाजू घेण्याचे कारण नसते, विषयाची घ्यावी लागते. जमा-खर्च वाचून दाखवा, एवढी नम्र विनंती कोणत्याही गटाविरुद्ध जात नाही आणि हिशेब समजणारा माणूस सभेत बसला आहे, एवढ्यानेही वाचणारा जपून वाचतो. हिशेबाची पिढीजात जाण हेच आपले गावासाठीचे मोठे योगदान ठरू शकते. राहिला सभेतील आवाज. शांतपणे बोलणारी माणसे घरी बसली तर सभेत आरडाओरडच उरणार.

सातासमुद्रापलीकडचे खेडे

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नाही. जामनगर परिसरातील खेड्यांतून निघालेले हालारी ओशवाल बांधव पूर्व आफ्रिकेत गेले आणि तेथून पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायर परगण्यातील नॉर्थॉ या खेड्याजवळ त्यांनी विस्तीर्ण ओशवाल केंद्र व शिखरबद्ध देरासर उभारले. इंग्लंडमधील खेड्यांचा कारभार १८९४ च्या कायद्याने सुरू झालेल्या पॅरिश कौन्सिलकडे असतो. खेड्यातील मतदारांची वार्षिक सभा दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात भरते आणि तीत प्रत्येक मतदाराला बोलता येते. गावातील बांधकामांच्या अर्जांवरही या कौन्सिलचे मत मागविले जाते. परक्या देशात, परक्या हवेत मंदिर उभे करायचे म्हणजे शेजाऱ्यांच्या शंका ऐकणे, वाहनांच्या गर्दीची, आवाजाची, झाडांची त्यांची काळजी समजून घेणे ओघानेच आले. सातासमुद्रापलीकडे जे अपरिहार्य म्हणून स्वीकारले जाते, ते आपल्या जन्मगावी आपण ऐच्छिक का मानावे?

व्रताप्रमाणे एक नियम

आपले पर्व आणि गावाचे सण येथे हातात हात घालून येतात. श्वेतांबर परंपरेचे पर्युषण ज्या आठ दिवसांत असते, त्याच दिवसांत श्रावण अमावास्येचा पोळा येतो. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो आणि त्याच सुमारास आपल्याकडे महावीर जन्मवाचन होते. बैलाच्या श्रमाचे ऋण मानणारा शेतकरी आणि जीवदयेचा विचार करणारा श्रावक यांना एकमेकांच्या सणाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये, इतके ते जवळचे आहेत. पर्युषणाच्या आणि दशलक्षणाच्या अखेरीस आपण क्षमा मागतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतही गावातील भांडण गावातच समजुतीने मिटावे, हाच हेतू होता आणि त्यासाठीची समिती ग्रामसभाच निवडते. क्षमापनेचा संस्कार लाभलेल्या ज्येष्ठ श्रावकांनी त्या समितीत बसावे, यापेक्षा उचित दुसरे काय असेल?

म्हणून प्रत्येक गावच्या संघापुढे काही साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. ग्रामसभेची सूचना लागली की ती मंदिराच्या किंवा स्थानकाच्या फळ्यावरही उतरवावी. त्या दिवशी प्रवचनाची किंवा सामूहिक कार्यक्रमाची वेळ सभेला आडवी येणार नाही अशी ठेवावी. प्रत्येक घरातून एक पुरुष आणि एक स्त्री सभेला जावी व स्त्रियांनी महिला सभेपासूनच सुरुवात करावी. घरपट्टी आणि पाणीपट्टी आधी भरून मगच प्रश्न विचारावा. पहिली एक-दोन वर्षे केवळ ऐकावे. बोलावयाचे झाल्यास पहिला विषय आपल्या गल्लीचा किंवा आपल्या मंदिराचा नसावा, गावातील सर्वांत दुबळ्या वस्तीच्या पाण्याचा असावा. ज्यांची नावे मतदारयादीत गावाकडे आहेत पण संसार शहरात आहे, त्यांनी वर्षातील एक ग्रामसभा तरी गाठावी.

आचार्य तुलसी यांनी १९४९ साली अणुव्रत आंदोलन सुरू केले, त्यामागे मोठ्या तत्त्वाला रोजच्या आचरणात बसेल एवढे लहान रूप देण्याची दृष्टी होती. वर्षातून चार दिवस, प्रत्येकी दोन-तीन तास, गावाच्या सतरंजीवर बसून गावाचे ऐकून घेणे, हा तसाच एक लहान नियम आहे. त्यात उपवास नाही, खर्च नाही, नावाचा फलकही नाही. उपस्थितीच्या वहीत इतरांच्या नावांमध्ये आपली एक सही असेल, तेवढीच.

पर्युषण व दशलक्षण आटोपल्यावर येणारी पहिली ग्रामसभा २ ऑक्टोबरची असते. त्या दिवशी महात्मा गांधींची जयंती आणि संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला अहिंसा दिन असतो. ज्या गावकऱ्यांची आपण नुकतीच मनोमन क्षमा मागितलेली असते, तेच गावकरी त्या सकाळी पंचायतीच्या ओट्यावर जमलेले असतील. आपले दुकान त्या दिवशी दोन तास उशिरा उघडले तरी चालेल.